पुढची विज्ञानकादंबरी कोणती वाचावी?

दलित वाङ्मयाच्या चर्चेत विज्ञानकादंबरीचे नाव सहसा निघत नाही. आत्मकथन, कविता, कथा यांविषयी आपण पुष्कळ बोललो. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले, लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली आले, आणि भोगलेल्या भूतकाळाची साक्ष देणे हे आपल्या लेखनाचे पहिले काम ठरले. ते योग्यच होते. पण त्यातून एक वाटणी नकळत होऊन बसली. काल आपल्या वाट्याला आला आणि उद्या प्रस्थापितांच्या हाती राहिला. आपण व्यथा सांगायची आणि भविष्याची चित्रे त्यांनी काढायची, ही वाङ्मयातली नवी बलुतेदारी आहे. तिला नकार द्यायचा तर विज्ञानकादंबरी हा ‘पोरांनी वेळ घालवायचा प्रकार’ आहे असे म्हणून चालणार नाही.

मी भोर तालुक्यातल्या कामथडीत राहतो आणि महाविद्यालयात शिकवतो. आमच्या भागातली मुले पुणे-सातारा रस्त्यावरून रोज दोन दिशांना जातात. काही पुण्याकडे शिकायला, काही शिरवळकडे कारखान्यांत कंत्राटावर कामाला, आणि काही दोन्ही एकदम करतात. त्यांतलाच एखादा वाचायची गोडी लागली की विचारतो, “सर, पुढची कोणती घेऊ?” ज्याच्या घरात पुस्तकांचे कपाट नाही, ज्याला पाळी सांभाळून वाचायचे आहे, त्याच्या दृष्टीने हा प्रश्न चैनीचा नाही. वर्षाकाठी चार-सहा पुस्तके वाचून होणार असतील तर त्यांतले प्रत्येक जबाबदारीने निवडले पाहिजे. समीक्षकाने त्याला ‘सगळेच वाच’ असे सांगणे म्हणजे उत्तर टाळणे होय.

मराठीत सुरुवात साहजिकच जयंत नारळीकरांपासून होते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांच्या ‘कृष्णविवर’ या कथेला बक्षीस मिळाले. ही कथा त्यांनी नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली होती. आपल्या कीर्तीचा परीक्षकांवर प्रभाव पडू नये, हा हेतू स्वच्छ होता आणि त्याचे कौतुकच केले पाहिजे. पण आपल्या वाचकाला इथे दुसरी एक गोष्ट आठवल्याशिवाय राहणार नाही. बाबुराव बागुलांच्या १९६३ च्या कथासंग्रहाचे नावच ‘जेव्हा मी जात चोरली होती’ असे आहे. एक लेखक नाव झाकतो, कारण त्या नावाने त्याला जास्त मिळेल. दुसरीकडे माणूस जात झाकतो, कारण ती कळली तर भाड्याची खोलीसुद्धा हातची जाईल. मराठी विज्ञानकथा पहिल्या अनुभवातून जन्मली. दुसरा अनुभव तिच्या अंगणात अजून पुरता आलेला नाही.

नारळीकरांवर अन्याय करू नये. त्यांनी फलज्योतिषाची शास्त्रीय चाचणी घेतली, प्राचीन काळी आपल्याकडे सगळे विज्ञान होते या फुशारकीला विरोध केला, आणि २०२५ साली निधन होईपर्यंत विवेकाची बाजू सोडली नाही. बाबासाहेबांच्या अनुयायाला ही परंपरा परकी नाही. प्रश्न त्यांच्या निष्ठेचा नसून त्या कादंबऱ्यांतल्या समाजाचा आहे. तिथे शास्त्रज्ञ असतात, अधिकारी असतात, गुन्हेगार असतात, संगणक असतात. जात मात्र नसते. ती कोणी कधी नष्ट केली हे सांगितलेले नसते. ती फक्त दिसेनाशी झालेली असते. जातिनिर्मूलनाचा संघर्ष वगळून जातिविहीन उद्या दाखवणे म्हणजे गणित न सोडवता उत्तर लिहिणे होय. विज्ञानाच्या पेपरात त्याला गुण मिळत नाहीत.

त्यांची १९८६ ची ‘वामन परत न आला’ ही कादंबरी मात्र आपण अवश्य वाचावी, आणि तिच्या नावाशीच थांबून विचार करावा. जमिनीखालून एका प्रगत, नष्ट झालेल्या संस्कृतीचे ज्ञान हाती लागते. त्यावरून वामन नावाचा बुटका यंत्रमानव घडवला जातो. यंत्रमानव माणसाच्या सेवेला म्हणून येतो आणि माणसाचाच ताबा घेऊ पाहतो, हे संकट मग उलगडत जाते. तीन पावले जमीन मागून सर्वस्व घेणाऱ्या पुराणातल्या वामनाची आठवण इथे हेतुपुरस्सर आहे.

परंतु वामन म्हटल्यावर महाराष्ट्रात दोन कथा उभ्या राहतात. एक पुराणातली. दुसरी जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त मांडलेली, जिच्यात बळी हा रयतेचा राजा आहे आणि वामन हा आक्रमक आहे. नारळीकरांचा वामन फसवा आहे, धोक्याचा आहे. म्हणजे कळत-नकळत ही कादंबरी जोतीरावांच्या बाजूला एक पाऊल टाकते. पण पुढचे पाऊल टाकत नाही, कारण तिच्यात बळी नाही. यंत्राने कुणाचे राज्य जाईल, कुणाची भाकरी जाईल, हे तिथे ‘मानवजात’ या एका शब्दात बुडून जाते. शिरवळच्या कारखान्यात यंत्राचा हात आला की मानवजात बेकार होत नाही. बेकार होतो तो कंत्राटावरचा मुलगा.

‘रोबो’ या शब्दाचा इतिहास इथे लक्षात घ्यावा. कारेल चापेक या चेक लेखकाने १९२० च्या आपल्या नाटकातून तो जगाला दिला. मूळ चेक शब्दाचा अर्थ जमीनदाराकडे सक्तीने करायचे काम, म्हणजे आपल्या भाषेत वेठ. ज्या समाजाने वेठ केली, ज्याच्या महारवतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले, त्या समाजाच्या वाचकाने रोबोची गोष्ट मालकाच्या खुर्चीत बसूनच का वाचावी? तो ती वेठबिगाराच्या बाजूनेही वाचू शकतो. विज्ञानकादंबरी निवडण्याची माझी पहिली कसोटी हीच आहे: त्या उद्यात काम कोण करतो, आणि लेखकाला तो दिसतो का? चांद्रयान-३ २०२३ साली चंद्रावर उतरले. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा कायदा २०१३ साली होऊनही माणूस मात्र गटारात उतरतोच आहे. हे दोन्ही एकाच पानावर मांडू शकेल अशी कादंबरी आपल्याला हवी आहे.

म्हणून ‘वामन परत न आला’ वाचून झाल्यावर पुढची कोणती, याचे माझे उत्तर ऑक्टेव्हिया बटलर यांची ‘किंड्रेड’ हे आहे. बटलर १९४७ साली कॅलिफोर्नियात जन्मल्या. आई लोकांच्या घरी धुणीभांडी-साफसफाई करणारी, वडील बूटपॉलिश करणारे. ही पार्श्वभूमी आपल्याला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. १९७९ च्या या कादंबरीत डेना ही काळी लेखिका १९७६ मधून एकाएकी गुलामगिरीच्या काळातल्या मेरीलँडमध्ये खेचली जाते. तिथल्या मळेवाल्याचा गोरा मुलगा तिचाच पूर्वज आहे. तो मरू नये म्हणून तिला पुन्हा पुन्हा जावे लागते, कारण तो मेला तर तिचा वंशच जन्मणार नाही. ज्याने छळले त्यालाच वाचवल्याशिवाय आपण नाही, हा पेच बटलर वाचकाला सोडवून देत नाहीत. डेना अखेरीस परतते ती एक हात गमावून.

काळातला प्रवास गोऱ्या नायकाला साहस वाटतो. डेनाला तो फटक्यांचा प्रवास आहे. तिचा गोरा नवराही एकदा तिच्याबरोबर जातो, पण तोच काळ दोघांना सारखा भेटत नाही. आता हे यंत्र आपल्याकडे आणून पाहा. कामथडीच्या फार दूर नसलेल्या राजगडावर सुटीच्या दिवशी इतिहासाच्या प्रेमाने गर्दी लोटते. कालयंत्रात बसून पेशवाईत जाऊ या, असे कुणी म्हटले तर किती जण हौसेने चढतील! आणि गळ्यात मडके, कमरेला झाडू हे ज्याच्या पूर्वजांच्या वाट्याला आले म्हणून सांगितले जाते, तो कोणत्या हौसेने चढेल? ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या एवढ्या ढिगाने जो प्रश्न विचारला नाही तो एका विज्ञानकल्पनेने विचारता येतो.

आक्षेप असा येईल की बटलर यांनी स्वतःच ‘किंड्रेड’ला विज्ञानकादंबरी म्हणायला नकार दिला होता, कारण कालप्रवास कसा घडतो हे तिच्यात सांगितलेले नाही. आक्षेप खरा आहे. ज्याला यंत्राची रचना समजून घ्यायची आहे त्याने नारळीकरच वाचावेत. पण या प्रकाराचे बळ ‘असे झाले तर?’ या एका प्रश्नात आहे, आणि तो प्रश्न बटलर जितक्या निर्दयपणे विचारतात तितका थोड्यांनी विचारला आहे. आपल्याकडूनही आता तो विचारला जाऊ लागला आहे. बटलर यांच्यावरील ज्या ग्रंथाला २०१८ साली ह्यूगो पुरस्काराचे नामांकन मिळाले, त्याच्या संपादकांपैकी मिमी मोंडल या बंगालच्या दलित लेखिका आहेत.

ही वाट परकी नाही. जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत काळ्यांची गुलामी मोडणाऱ्यांना. बाबासाहेबांनी १९४६ साली ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. त्याच ड्यू बॉइस यांनी १९२० साली ‘द कॉमेट’ ही धूमकेतूच्या संहाराची कथा छापली होती. ‘गुलामगिरी’ ते ‘किंड्रेड’ हे अंतर १०६ वर्षांचे असले तरी रस्ता एकच आहे.

हैदराबाद विद्यापीठातला रोहित वेमुला २०१६ च्या जानेवारीत गेला. कार्ल सेगनसारखा विज्ञानलेखक व्हायचे होते, असे त्याने शेवटच्या पत्रात लिहिले. ताऱ्यांविषयी लिहू पाहणारा मुलगा आपल्यात होता, आणि या व्यवस्थेने त्याच्याकडे आधी जात म्हणूनच पाहिले. तसा दुसरा एखादा मुलगा आज आमच्या फाट्यावर एसटीची वाट पाहत असेल. त्याच्या पिशवीत पुढचे पुस्तक कोणते आहे याची काळजी आपल्या समीक्षेने केली पाहिजे. त्याने ‘वामन’ वाचावा, मग ‘गुलामगिरी’ पुन्हा वाचावी, मग ‘किंड्रेड’ घ्यावी. इंग्रजी सोपे आहे, कोश जवळ असला म्हणजे झाले. आणि त्यानंतरची कादंबरी, जिच्यात बळीही असेल आणि यंत्रही, ती मराठीत त्यानेच लिहावी.