भाबडेपणा नव्हे, बुद्धी : ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचताना

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’विषयी बोलताना मराठी रसिक काही विशेषणे हमखास वापरतो : साधे, सहज, भाबडे, निरागस. हे आत्मचरित्र १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध होऊ लागले आणि तेव्हापासून ही विशेषणे त्याला चिकटली आहेत. ती वापरणाऱ्याचा हेतू गौरवाचाच असतो. सेमिनरीत असताना मराठीच्या एका निबंधात मीही ती चारही वापरली होती आणि त्याबद्दल मला चांगले गुणही मिळाले होते. आज पन्नाशी उलटल्यावर तो ग्रंथ पुन्हा वाचताना मला वाटू लागले आहे, की त्या गौरवात एक अन्याय दडलेला आहे. या लेखात तो उलगडून दाखवण्याचा प्रयत्न आहे.

या पुनर्वाचनाला निमित्त झाले एका द्राक्षबागेचे. वीस वर्षांपूर्वी एका धर्मग्रामात मी साहाय्यक धर्मगुरू होतो. तेथील एक मुलगा दहावीला दोनदा नापास झाला. आईवडील त्याला घेऊन माझ्याकडे आले. तंत्रशिक्षणाच्या एका वर्गात प्रवेश मिळावा म्हणून त्यांना माझे शिफारसपत्र हवे होते. मी मुलाच्या देखतच त्यांना म्हणालो, “शिक्षण त्याच्या बुद्धीला झेपणार नाही. कुठेतरी कामाला लावा.” पत्र दिले नाही. आपण व्यवहार्य सल्ला दिला, अशाच समाधानात मी त्या दिवशी जेवायला बसलो.

तोच मुलगा, आता बाप्या माणूस, मला गेल्या ऑक्टोबरात वणीजवळच्या एका बागेत भेटला. गोडी छाटणी चालू होती आणि छाटणीच्या टोळीचा तो मुकादम होता. एकेक काडी बोटांत धरून, जरा उजेडाकडे फिरवून, तो डोळे मोजी आणि कात्री चालवी. एका काडीवर तो एका डोळ्यावर कापी, तर शेजारच्या काडीवर निराळ्या. मी कारण विचारले. काडीची जाडी, डोळ्याचा फुगीरपणा, एप्रिलच्या खरड छाटणीनंतर त्या फांदीला मिळालेले ऊन, येणारा घड पोसायला लागणारी पाने, असा सारा हिशेब त्याने मला सांगितला. तोही मी खोदून खोदून विचारला म्हणून. एरवी त्याचे उत्तर एवढेच होते : “फादर, काडी बघून कळतं.” काही बागाईतदार छाटणीपूर्वी काड्या प्रयोगशाळेत पाठवून कोणत्या डोळ्यात घड आहे हे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेतात. हा माणूस त्याच प्रश्नाचे उत्तर बोटांनी शोधत होता.

त्या रात्री मी कपाटातून ‘स्मृतिचित्रे’ काढले. ‘बघून कळतं’ हे त्याचे शब्द आणि बाईंच्या लेखनाला आपण दिलेली ती विशेषणे यांचा काहीतरी संबंध आहे, असे मनात येत होते.

लक्ष्मीबाई आपल्याच जिल्ह्यातल्या. नाशिकजवळच्या जलालपूरला १८६८ साली गोखल्यांच्या घरी त्यांचा जन्म झाला. शाळा त्यांनी पाहिली नाही. अकराव्या वर्षाच्या सुमारास नारायण वामन टिळकांशी विवाह झाला आणि अक्षरांची ओळख पुढे पतीकडून झाली. टिळक संस्कृतज्ञ, वक्ते आणि ‘फुलामुलांचे कवी’. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. सुमारे पाच वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई त्यांच्याकडे आल्या आणि पुढे स्वतःच्या विचाराने त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. बाई आपल्या पंथाच्या नव्हेत, अमेरिकन मराठी मिशनच्या. पण मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या अंगणात त्या आपल्या सर्वांच्याच आजीबाई आहेत.

या चरित्राची सर्वपरिचित मांडणी अशी : टिळक बुद्धिमान, बाई भोळ्या, टिळकांपाशी विद्या, बाईंपाशी प्रेम. गंमत अशी, की ही मांडणी स्वतः बाईंनीच वाचकाच्या हाती दिली आहे. ग्रंथभर त्या स्वतःला वेंधळी, अडाणी, भित्री म्हणून रंगवतात. परंतु जी व्यक्ती स्वतःचा वेंधळेपणा इतक्या अचूकपणे, हसे नेमके कोठे फुटेल हे ओळखून, सांगू शकते, ती वेंधळी असेल काय? स्वतःला हास्याचा विषय करणे ही निवेदकाची कठीण युक्ती आहे. तिला भाबडेपणा समजणारा वाचक बाईंनी लावलेल्या सापळ्यात अलगद सापडतो.

प्रारंभीचाच भाग पाहा. बाईंच्या वडिलांच्या सोवळ्याने परिसीमा गाठली होती. बाजारातून आलेले वाणसामानही धुतल्याशिवाय घरात येत नसे, आणि त्यापायी घरातल्या बायकामुलांचे हाल होत. बाई हे सांगतात ते मुलांच्या नजरेने, हसतखेळत. पण या वेडामागे १८५७ च्या धामधुमीत कुटुंबातील एका माणसाला झालेल्या फाशीचा धक्का आहे, हेही त्या वाचकाला विसरू देत नाहीत. त्यामुळे आपण हसतो आणि हसताना आत काहीतरी टोचत राहते. हास्य आणि शोक यांना शेजारी बसवून वर एक शब्दाचेही भाष्य न करणे, याला सहजता म्हणायचे की निवड? माझ्या मते ही निवड आहे, आणि निवड हे बुद्धीचे काम आहे.

टिळकांच्या चित्रणात तर ही बुद्धी अधिकच दिसते. घरात दाणा नसताना हातचे दुसऱ्याला देऊन टाकणारा, मनात येईल तेव्हा घर सोडून निघणारा, क्षणात रागावणारा आणि क्षणात विरघळणारा हा नवरा. त्याच्यावरचे प्रेम आणि त्याच्याविषयीचा निवाडा त्या एकाच वाक्यात नांदवतात. धर्मांतराच्या प्रकरणांत तर परीक्षाच होती. बाईंनी त्या काळात अपार दुःख भोगले. तरीही त्यांच्या ग्रंथात आकांत करणारे हिंदू नातलग खलनायक होत नाहीत आणि मिशनरी देवदूत होत नाहीत. प्रत्येकाला आपापले कारण आहे, हे त्यांना कळलेले आहे. आपल्या धर्मांतरकथांत हा समतोल किती विरळा आढळतो, हे आपण प्रांजळपणे मान्य करावे.

आणखी एक प्रसंग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पतीकडे आल्यावरही बाईंनी आपले सोवळे सोडले नव्हते. एके दिवशी स्वतःशीच विचार करता करता त्या निष्कर्षाला आल्या, की पशुपक्ष्यांच्या जाती देवाने केल्या आहेत, त्या पाहताच ओळखू येतात. माणसामाणसांतल्या जाती मात्र माणसाने केल्या आहेत. बालपणापासून हाडीमाशी खिळलेले सोवळे या विचाराने सुटले. टिळकांचे पांडित्य जे करू शकले नव्हते, ते डोळ्यांसमोरच्या जगावरून केलेल्या या तर्काने केले. येथे निरीक्षण आहे, अनुमान आहे आणि निष्कर्षाप्रमाणे वागण्याचे धैर्यही आहे. हा तर्क कुणा पंडिताने ग्रंथात मांडला असता, तर आपण त्याला तत्त्वचिंतन म्हटले असते. बाईंनी तो मांडला म्हणून आपण त्याला ‘साधेपणा’ म्हणतो!

आपण असे का म्हणतो? बुद्धी म्हणजे काय, याचे एकच माप आपण खिशात घेऊन फिरतो म्हणून. ते माप कोठून आले हे पाहणे उद्बोधक आहे. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमों यांनी १९०५ साली बुद्धिमापनाची कसोटी तयार केली, ती शाळेत मागे पडणारी मुले ओळखून त्यांना जादा मदत मिळावी म्हणून. मदतीसाठी केलेले हे माप पुढे माणसांची प्रतवारी लावण्याचे साधन बनले. आपल्या मुलुखात डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिनेच्या कसोट्या मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतल्या. त्यांचा त्यावरील इंग्रजी ग्रंथ १९४० साली निघाला. म्हणजे ‘स्मृतिचित्रे’चे भाग छापले जात होते, त्याच सुमारास मराठी मुलांची बुद्धी मोजण्याची फूटपट्टी तयार होत होती. त्या फूटपट्टीवर जलालपूरची ती छोटी मुलगी किती भरली असती, कोण जाणे.

१९८३ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांनी बुद्धी एक नसून अनेक आहेत असे प्रतिपादन केले. भाषेची, तर्कगणिताची, अवकाशाची, संगीताची, शरीरकौशल्याची, दुसऱ्याला जाणण्याची आणि स्वतःला जाणण्याची अशा सात त्यांनी प्रथम सांगितल्या; निसर्गाची जाण पुढे जोडली. शिक्षकांना हा विचार फार भावला. अनेक मानसशास्त्रज्ञांना मात्र तो मान्य नाही. निरनिराळ्या कसोट्यांवरचे गुण परस्परांशी निगडित असतात, आणि गार्डनर ज्यांना बुद्धी म्हणतात त्यांतील काही केवळ कौशल्ये आहेत, असे त्यांचे म्हणणे. या वादाचा निकाल मी देऊ शकत नाही. परंतु सेमिनरीत संत थॉमस अक्वायनस यांच्याकडून जे शिकलो, ते येथे उपयोगी पडते. ॲरिस्टॉटलच्या मागोमाग त्यांनी बुद्धीचे पाच सद्गुण सांगितले : मूलतत्त्वांचे आकलन, शास्त्र, प्रज्ञा, कला आणि विवेक. शिवाय योग्य निवाडा दोन वाटांनी होतो, असे ते म्हणतात. एक वाट अभ्यासाची. दुसरी, ज्या गोष्टीचा निवाडा करायचा तिच्याशी एकजीव झाल्याची : नीतिशास्त्र न शिकलेला सदाचारी माणूस काय योग्य हे अचूक ओळखतो, तशी. या दुसऱ्या वाटेलाही थॉमस निवाडाच म्हणतात, भाबडेपणा नव्हे. आपली भाषाही हा भेद जाणते. हुशारी, अक्कल, चातुर्य, समज, उमज, जाण, शहाणपण हे शब्द मराठी माणसाने उगीच निरनिराळे ठेवलेले नाहीत. निकालाच्या दिवशी मात्र आपल्याला त्यांतला पहिलाच आठवतो.

हाच अन्याय खानदेशच्या बहिणाबाई चौधरींच्या वाट्यालाही आला. असोद्याच्या या कवयित्रीला (१८८०–१९५१) लिहिता-वाचता येत नव्हते. तिच्या ओव्या घरच्यांनी टिपून ठेवल्या, आणि तिच्या मृत्यूनंतर १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्या प्रसिद्ध झाल्या. महाराष्ट्र थक्क झाला. पण आपल्या त्या थक्क होण्यात ‘शिकलेली नसूनही!’ हे आश्चर्यच अधिक होते. तिला निसर्गकन्या म्हटले, की तिच्या कवितेतील विचाराचे श्रेय निसर्गाला जाते आणि विचार करणारी बाई बाजूला राहते.

येथे एक धोका सांगितला पाहिजे, अन्यथा माझे म्हणणे उलट्या टोकाला जाईल. न शिकलेल्यांची बुद्धी थोर, म्हणून शिक्षण दुय्यम, असा निष्कर्ष कुणी काढील तर तो लक्ष्मीबाईंना रुचणार नाही. त्यांना शाळा मिळाली नाही हे त्यांचे भाग्य नव्हते. तो त्यांच्या काळाने स्त्रियांवर केलेला अन्याय होता. अक्षर हाती येताच त्यांनी ते सोडले नाही. टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य १९१९ साली त्यांच्या निधनाने अकराव्या अध्यायापाशी थांबले होते. बाईंनी त्यापुढे साठाहून अधिक अध्याय रचले. ज्या बाईला आपण भाबडी म्हणतो, तिने पंडित नवऱ्याचे अपुरे काम पुढे नेले. काव्य म्हणून ‘ख्रिस्तायन’ ‘स्मृतिचित्रे’च्या तोडीचे नाही, असे मला वाटते. उसन्या चौकटीत बाईंचा आवाज दबतो. बोलत्या गद्यात तो मोकळा होतो. पण हेदेखील माझ्या मुद्द्याला पूरकच आहे. एकाच व्यक्तीची बुद्धी एका प्रकारात फुलते, दुसऱ्यात नुसती राबते. समीक्षकाने हे सांगितले पाहिजे, आणि आईवडिलांनी व धर्मगुरूंनी हे ओळखले पाहिजे.

दरवर्षी जूनमध्ये आपण चर्चमध्ये गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करतो. तो जरूर व्हावा. अभ्यास करणाऱ्या मुलाचे कौतुक व्हायलाच हवे. परंतु त्या दिवशी मागच्या बाकावर बसलेल्या मुलाला आपण काय ऐकवतो, याचाही विचार व्हावा. मी एकाला काय ऐकवले होते, ते वर सांगितलेच आहे.

बागेत त्या दिवशी निघताना मी त्याला म्हणालो, “तुला आठवतं का, मी तुझ्या आईवडिलांना काय सांगितलं होतं? ते चुकलंच माझं.” त्याने कात्री खिशात ठेवली आणि थोडा वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, “आठवतं, फादर. पण मला मशीनचं शिकायचं होतं.” क्षमा त्याने केली की नाही हे मला समजले नाही, आणि विचारण्याचा अधिकारही मला नव्हता. मी पायवाटेला लागलो तेव्हा मागून त्याने हाक मारली. त्याची मुलगी चौथीत आहे, गणितात मागे पडते. “रविवारी पाठवू का तुमच्याकडे? थोडं बघाल तिचं?”

ती आता दर रविवारी मिस्सानंतर येते. पहिल्या दिवशी मी तिच्यासमोर अपूर्णांकांची उदाहरणे ठेवली नाहीत. तिला काय काय येते, ते मी आधी विचारले.