वाचनातून शब्दसंपादन : एका गृहीतकाची चिकित्सा

प्रस्तावना

‘भरपूर वाचा, शब्द आपोआप येतील’ हा सल्ला द्वितीय भाषेच्या अध्यापनात रूढ झाला आहे. आकलनीय भाषेच्या सहवासातून भाषा अवगत होते, या स्टीफन क्रॅशन यांच्या भूमिकेमुळे त्याला सैद्धांतिक बळ लाभले. त्याच्या समर्थनार्थ वारंवार उद्धृत होणाऱ्या एका प्रयोगाची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

१९७८ चा प्रयोग

अँथनी बर्जेस यांच्या ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ (१९६२) या कादंबरीचा निवेदक रशियन मुळाचे अनेक शब्द इंग्रजीत मिसळतो. सारागी, नेशन व मायस्टर यांनी ही कादंबरी वाचकांना वाचावयास दिली आणि नंतर त्यातील ९० शब्दांवर बहुपर्यायी चाचणी घेतली. सरासरी गुण ७६ टक्के आले.

हे यश प्रभावी आहे. परंतु हे वाचक इंग्रजी मातृभाषा असलेले प्रौढ होते. कादंबरीचे व्याकरण, वाक्यरचना व उर्वरित शब्दसंग्रह त्यांच्या परिचयाचा होता. अपरिचित होते ते काही शब्द, भाषा नव्हे. शिवाय पर्यायांतून अर्थ ओळखणे आणि शब्द स्वतः वापरणे यांत मोठे अंतर आहे.

१९९८ मध्ये हॉर्स्ट, कॉब व मेअरा यांनी ओमानमधील ३४ इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवर असाच प्रयोग केला. थॉमस हार्डी यांच्या ‘द मेयर ऑफ कॅस्टरब्रिज’ची सुमारे २१,००० शब्दांची सुलभ आवृत्ती वाचून प्रत्येकी सरासरी ५ शब्दांचीच भर पडली. लाभ झाला, पण तो मंदगतीचा होता.

परिचित शब्दांचा उंबरठा

हू व नेशन यांच्या २००० मधील अभ्यासानुसार साहाय्याविना समाधानकारक आकलनासाठी मजकुरातील सुमारे ९८ टक्के शब्द परिचित असावे लागतात. ३०० शब्दांच्या पानावर अपरिचित शब्द ६ असतील, तर संदर्भ साहाय्य करतो. ३० असतील, तर संदर्भच अनाकलनीय ठरतो.

मराठी भाषक विद्यार्थ्याला उसन्या इंग्रजी शब्दांचा आधार मिळतो. मात्र तो फसवाही असतो. मराठीत ‘हॉटेल’ म्हणजे प्रामुख्याने खाण्याचे ठिकाण. इंग्रजी उताऱ्यात ते मुक्कामाचे ठिकाण असते. परिचित वाटणाऱ्या शब्दावर वाचक थांबत नाही आणि चुकीचा अर्थ दृढ होतो.

निष्कर्ष

महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. तरीही महाविद्यालयात आलेल्या विद्यार्थ्याला क्रमिक पुस्तक कठीण गेल्यास ‘तो वाचतच नाही’ असा ठपका ठेवला जातो. उंबरठ्याअलीकडील वाचकाला मूळ ग्रंथ देणे व अपयशाचे खापर त्याच्या आळसावर फोडणे अन्याय्य आहे. वाचन अनिवार्यच आहे. परंतु श्रेणीबद्ध पुस्तके, शब्दांची पुनरावृत्ती आणि निवडक शब्दांचे प्रत्यक्ष अध्यापन यांची जोड दिल्याविना ‘आपोआप’ हा शब्द अध्यापकाची जबाबदारी झाकणारा ठरतो.