लघुमूर्तींचे रंगकाम आणि एअरब्रश

टेबलावर मांडून खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांतील लघुमूर्ती, म्हणजे साधारणतः 28 ते 32 मिलिमीटर उंचीच्या प्लॅस्टिकच्या, रेझिनच्या किंवा धातूच्या सैनिकांच्या आकृत्या, रंगवण्याची कला दीर्घकाळ कुंचल्याचीच मानली गेली. ब्रिटनच्या गेम्स वर्कशॉप या कंपनीने 1983 मध्ये ‘वॉरहॅमर’ हा खेळ आणला आणि 1987 मध्ये ‘गोल्डन डीमन’ ही रंगकामाची स्पर्धा सुरू केली. त्या काळात चिलखताच्या कडेवर केसाएवढी उजळ रेघ न थरथरता ओढणे हीच हातखंड्याची खूण समजली जाई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून वापरात असलेला, हवेच्या दाबाने रंग फवारणारा एअरब्रश मात्र या क्षेत्रात बराच काळ रणगाडे, विमाने अशा मोठ्या पृष्ठभागांपुरता राहिला.

अ‍ॅक्रिलिक रंगाचा स्वभाव एअरब्रशसाठी मोठी अडचण ठरतो. या रंगात रंगद्रव्य आणि बहुवारिकाचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात व पाणी उडून जाताच ते कण एकमेकांना चिकटून पुन्हा न विरघळणारा पापुद्रा तयार होतो. हाच पापुद्रा मूर्तीवर हवासा, तर 0.3 मिलिमीटरच्या नोझलमधील सुईच्या टोकावर नकोसा असतो. टोकावर रंगाचा कण सुकून बसला की फवारा आधी तिरका होतो, मग खंडित होतो आणि मग अचानक शिंतोडे उडवतो. म्हणून रंग दुधासारखा पातळ करणे, त्यात सुकणे लांबवणारे द्रव्य मिसळणे आणि मधूनमधून ओल्या बोळ्याने सुई पुसणे हे कामाचे अंगच बनले आहे. रंग अतिपातळ झाला किंवा हवेचा दाब वाढला, तर ओला थर कोळ्याच्या पायांसारखा चहूकडे फुटतो.

एअरब्रशची खरी देणगी ‘झेनिथल’ अस्तर ही होय. मूर्तीला आधी सर्व बाजूंनी काळा रंग देऊन, मग तिरक्या दिशेने राखाडी आणि अखेरीस माथ्यावरून पांढरा फवारा मारला, की वरून पडणारा प्रकाश जणू मूर्तीवरच गोठतो: खांद्याच्या कवचाचा माथा उजळतो, काखेत काळोख उरतो. मात्र या सोयीनेच एकसुरीपणा आणला आहे. स्पर्धेतल्या असोत वा दुकानाच्या काचेमागच्या, अनेक मूर्तींवर आज चामडे, लोखंड आणि कातडी एकाच मऊ चढउताराने झाकली जातात. पदार्थ कोणता हे सांगण्याची जबाबदारी कोणीच घेत नाही. स्पॅनिश रंगकार आंखेल खिराल्देस यांनी ‘इन्फिनिटी’ या खेळासाठी केलेली कामे वेगळी ठरतात, कारण तिथे फवारा पाया घालतो आणि धार, ओरखडा, चेहरा हे सारे पुढे कुंचला ठरवतो. (पेणच्या गणपतीच्या कारखान्यांतही अंगाचा रंग फवाऱ्याने चढतो, परंतु डोळ्यांची आखणी कसलेल्या हाताकडेच राहिली आहे.)

2019 मध्ये आलेल्या ‘कॉन्ट्रास्ट’ रंगांनी, म्हणजे खाचांत साचून आपोआप छाया देणाऱ्या पातळ रंगांनी, फवाऱ्याचे काम अस्तरापुरते आक्रसले असे मानले जाते. केस, कापडाच्या घड्या किंवा प्राण्याची लोकर यांबाबत ते खरेही आहे. परंतु रणगाड्याच्या सपाट पत्र्यावर हाच रंग कुंचल्याने दिला की डबकी साचल्यासारखे डाग धरतो, आणि तेथे एअरब्रशला अजून तोड नाही.