कोरलेलं पाणी, ओतलेलं पाणी

लाकडात माणसं कोरणाऱ्यांमध्ये सध्या रेझिनच्या पाण्याची मोठी हौस आहे. ओढ्यात गुडघाभर उतरून गळ टाकणारा म्हातारा, डबक्यात पाय आपटणारं पोर, नदीतून घोडा घालणारा स्वार. अशा शिल्पासमोर पहिला उद्गार ठरलेला असतो : ‘अगदी खरं पाणी वाटतं!’ माझी अडचण या उद्गारापासूनच सुरू होते. पाणी खरं वाटतं, हे मान्य. पण त्या पाण्यात उभा असलेला माणूस ओला वाटतो का?

या कामात कसब आहे, यात शंका नाही. एपॉक्सी रेझिन आणि हार्डनर नेमक्या प्रमाणात मिसळायचं आणि पातळ थरांत ओतायचं. एकदम जाड थर दिला तर मिश्रण स्वतःच्याच उष्णतेने तापतं, पिवळं पडतं, कधी तडकतं. लाकूड सच्छिद्र असल्यामुळे आधी ब्रशने एक हात मारून छिद्रं बुजवावी लागतात. नाहीतर आतली हवा बुडबुडे होऊन वर येते आणि तिथेच गोठते. खोलीसाठी तळ गडद रंगवायचा, लाटांसाठी वरून पारदर्शक जेल उठवायचं, फेसासाठी पांढऱ्या रंगाचा जवळजवळ कोरडा ब्रश फिरवायचा. हे सगळं शिकता येतं, आणि शिकलेले लोक ते उत्तम करतात.

तरीही डोळा फसत नाही. याचं एक कारण मापाचं आहे. शिल्प लहान केलं म्हणून द्रवाचा स्वभाव लहान होत नाही. वीस सेंटिमीटर उंचीच्या माणसाच्या पायाला चिकटून रेझिन दोन मिलिमीटर वर चढलं, तर खऱ्या माणसाच्या मापात ती कड पावणेदोन सेंटिमीटरची होते. पाणी असं पायावर चढत नाही, पाक चढतो. जाणते कारागीर ही कड घासून काढतात किंवा तिथे तरंग उठवून ती लपवतात. बाकीच्यांचा म्हातारा पाकात उभा राहतो.

दुसरं कारण अधिक गंभीर आहे, ते भाषेचं. स्वीडनचा अ‍ॅक्सेल पेटरसन (1868–1925) हा ‘डोडरहुल्टार्न’ या नावाने ओळखला जातो. त्याची लाकडी माणसं सुरीच्या सपाट, उघड्या घावांनी बनलेली आहेत. कोट म्हणजे चार-पाच छाट, चेहरा म्हणजे आणखी थोडे. घाव लपवायचे नाहीत, हाच तिथला करार. आजचे अनेक कोरणारे याच शैलीत काम करतात आणि मग त्या माणसाच्या पायाशी काचेसारखं गुळगुळीत रेझिन ओततात. माणूस सुरीच्या भाषेत बोलतो, पाणी छायाचित्राच्या. दोघांची गाठच पडत नाही.

सुरीने पाणी कोरता येत नाही, असं मात्र कोणी म्हणू नये. जपानमध्ये ‘लाटांचा इहाची’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या कारागिराने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इसुमीच्या ग्योगान-जी मंदिरात दारांवरच्या लाकडी फळीत फुटती लाट कोरली. होकुसाईच्या जगप्रसिद्ध लाटेमागे हीच प्रेरणा असावी, असं अनेक जण मानतात. त्या लाटेत पारदर्शक काहीच नाही, तरी ती अंगावर येते. कारण इहाचीने पाण्याचं दिसणं नाही, त्याचं वळणं कोरलं.

मग परका पदार्थ लाकडात आणूच नये का? तसंही नाही. सेव्हिलमधल्या सतराव्या शतकातल्या माकारेना या लाकडी मातृमूर्तीच्या गालांवर काचेचे अश्रू आहेत. काच आणि रेझिन दोन्ही पारदर्शक, दोन्ही लाकडाला उपरे. पण ते अश्रू खोटे वाटत नाहीत, कारण रडणं आधी चेहऱ्यात कोरलेलं आहे. काचेला फक्त प्रकाश धरायचा आहे. अश्रू काढून घेतले तरी मूर्ती रडतच राहील.

रेझिनच्या पाण्याला मी हीच कसोटी लावतो. मनातल्या मनात ते काढून टाकायचं आणि उरलेल्या लाकडाकडे बघायचं. विजार पोटरीला चिकटली आहे का? शरीराचा भार प्रवाहाविरुद्ध झुकला आहे का? गार पाण्याने खांदे आखडले आहेत का? पावलं तळाचा दगड चाचपतात का? हे सगळं असेल तर रेझिनने शेवटचा प्रकाश द्यावा, आनंद आहे. पण पुष्कळदा काय दिसतं, तर कोरड्या जमिनीवर ऐटीत उभा राहिलेला माणूस, ज्याचे पाय पाण्याच्या रेषेशी सपाट कापून रेझिनवर चिकटवले आहेत. जिथे पटाशीची खरी परीक्षा होती, तिथेच ती खाली ठेवली गेली.

आणि काळाचंही बघायला हवं. लाकूड हवेतल्या ओलाव्याबरोबर फुगतं, आकसतं. घट्ट झालेलं रेझिन त्याच्याबरोबर हलत नाही, म्हणून सांध्याशी फट पडू शकते. उन्हात एपॉक्सी पिवळं होत जातं. काचेचा अश्रू निखळला तर पुन्हा बसवता येतो. पायांभोवती ओतलेला ओढा माणूस न दुखावता काढता येत नाही. पन्नास वर्षांनी ते पाणी गढूळ झालेलं असेल. तेव्हा शिल्पाला वाचवणारी गोष्ट एकच असेल : तो म्हातारा कोरतानाच भिजलेला होता की नाही.