दान कोणाचे, कारभार कोणाचा?

काँग्रेसने आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले, या प्रश्नावर बाबासाहेबांनी १९४५ साली जो इंग्रजी ग्रंथ लिहिला, त्यातले हरिजन सेवक संघावरचे प्रकरण आपल्याकडे भाषणांतून पुष्कळ ऐकू येते. मुळातून वाचलेले मात्र फार थोडे भेटतात. मीही त्या न वाचणाऱ्यांपैकीच होतो. एम. ए.ला गांधी-आंबेडकर वादावर हमखास प्रश्न येतो म्हणून ते चाळले, गुण मिळवले आणि विसरलो. गेल्या दोन वर्षांत ते मला पुन्हा पुन्हा वाचावे लागले. कारण त्यातला प्रश्न उठून आमच्या वस्तीतल्या समाजमंदिरात येऊन बसला.

प्रकरणाला बाबासाहेबांनी 'राजकीय दानधर्म' अशा अर्थाचे नाव दिले आहे आणि खाली मायेने मारण्याच्या योजनेचा उघड आरोप ठेवला आहे. हा आरोप रागाच्या भरात केलेला नाही. तो पुराव्याने सिद्ध करत नेलेला आहे, हे आधी ध्यानात घ्यायला हवे. पुणे करारावर सह्या झाल्या २४ सप्टेंबर १९३२ रोजी. सहाच दिवसांनी, ३० सप्टेंबरला, मुंबईत पंडित मालवीयांच्या अध्यक्षतेखाली सभा झाली आणि अस्पृश्यतेच्या निवारणासाठी अखिल भारतीय संस्था स्थापन झाली. अध्यक्ष घनश्यामदास बिर्ला, चिटणीस अमृतलाल ठक्कर. हीच पुढे हरिजन सेवक संघ झाली. सुरुवातीच्या मध्यवर्ती मंडळावर स्वतः बाबासाहेब होते. तिसऱ्या गोलमेज परिषदेला जाताना १४ नोव्हेंबर १९३२ रोजी त्यांनी बोटीवरून ठक्करांना एक लांबलचक पत्र लिहिले. ते पत्र या प्रकरणाचा कणा आहे.

पत्रातला मुद्दा असा की, दलितांच्या उद्धाराचे काम दोन दृष्टींनी करता येते. एक दृष्टी मानते की माणूस दुःखात आहे तो त्याच्याच दुर्गुणांमुळे. मग त्याला दारू सोडायला सांगा, व्यायामशाळा काढा, वाचनालय काढा, शाळा काढा. दुसरी दृष्टी मानते की भोवतालची समाजरचनाच त्याला खाली दाबते आहे, तेव्हा आधी ती बदला. बाबासाहेबांनी संघाला दुसरी वाट धरायला सांगितले. पाणवठा, शाळा, चावडी यांवरचे हक्क गावोगाव प्रत्यक्ष मिळवून द्या, त्यातून दंगे झाले तरी मागे हटू नका. गिरण्यांच्या ज्या विणकाम खात्यात अस्पृश्याला पाऊल टाकू देत नाहीत ते त्याला उघडे करा. सवर्णांच्या घरात त्याचा वावर सुरू करा. आणि हे काम करायला माणसे शक्यतो अस्पृश्यांतूनच घ्या.

या पत्राला उत्तर आले नाही. पोचसुद्धा नाही. बाबासाहेब मंडळातून बाहेर पडले. पुढे संघाच्या कारभारात अस्पृश्यांना जागा का नाही असे विचारले गेले, तेव्हा गांधीजींचे म्हणणे पडले की अस्पृश्यता हे हिंदूंचे पाप आहे, संघ हे त्याचे प्रायश्चित्त आहे, पैसाही हिंदूंचाच आहे, तेव्हा कारभारही त्यांनीच करावा. वरवर पाहता हा युक्तिवाद मोठा नम्र आहे. पण त्याचा व्यवहारातला अर्थ एवढाच होतो की, ज्याच्या पाठीवर वळ उठले त्याने औषध निमूट लावून घ्यावे, कोणते लावायचे ते विचारू नये.

आता मी माझ्या अडचणीकडे वळतो. पत्रात वाचनालय आणि शाळा यांची गणना बाबासाहेबांनी दुय्यम कामांत केली आहे. मग १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा काढून १९२५ मध्ये सोलापुरात विद्यार्थ्यांचे वसतिगृह चालवले ते कोणी? १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये सिद्धार्थ, १९५० मध्ये औरंगाबादचे महाविद्यालय कोणी उभारले? ही विसंगती आहे काय? कित्येक दिवस मला ती वाटत होती. अलीकडे वाटत नाही. पत्र सवर्णांच्या संस्थेला लिहिलेले आहे. सवर्णांच्या गावात जाऊन सवर्णांना बदलण्याचे काम ज्यांनी करायचे, ते लोक आमच्या वस्तीत येऊन आम्हालाच सुधारत बसतात, ही बाबासाहेबांची तक्रार आहे. वाचनालय वाईट असे ते म्हणत नाहीत. ते कोणाच्या हातातले आणि कशाच्या बदल्यात, एवढेच विचारतात.

हे मला पुस्तकातून उमगले नाही. मराठवाड्यातल्या आमच्या गावी, वस्तीतल्या समाजमंदिरात, आम्ही सात-आठ जणांनी मिळून अभ्यासिका सुरू केली होती. घरटी महिना वीस रुपये वर्गणी. माझे एक चुलते वहीत नाव लिहायचे आणि न देणाऱ्याच्या दारात जाऊन बसायचे. वीज, दोन वर्तमानपत्रे, स्पर्धा परीक्षेची थोडी पुस्तके, एवढाच पसारा. माझी माय निरक्षर, पण दर महिन्याला तिची नोट पहिली असायची. मी शहरातल्या महाविद्यालयात लागलो आणि माझ्या ओळखीने एका मोठ्या उद्योगाच्या धर्मादाय प्रतिष्ठानाची माणसे गावी आली. 'स्थानिक नेतृत्व' हा शब्द त्यांच्या बोलण्यात चारदा तरी आला. तुमचे काम तुम्हीच करा, आम्ही फक्त पाठीशी, असे ते म्हणाले. अर्ज मीच भरला. त्यात 'लाभार्थी' नावाचा एक रकाना होता. त्यात मी माझ्या मायचे नाव घातले.

संगणक आले, खुर्च्या आल्या, भिंतीला रंग आला. प्रतिष्ठानाच्या नावाचा फलक आमच्या फलकापेक्षा वीतभर मोठा होता, पण त्याचे काय एवढे, असे मीच पोरांना समजावले. वर्षभरातच वर्गणी थांबली. चुलते दारात गेले की बायका म्हणायच्या, "आता कंपनी द्यायलीय की, मग आमचे वीस रुपये कशाला?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

मग स्मशानाच्या वाटेचा प्रश्न आला. आमच्या स्मशानभूमीकडे जाणारी वाट एका बागायतदाराने नांगरून घेतली. प्रेत चिखलातून न्यावे लागले. अभ्यासिकेतल्या पोरांनी तिथेच बसून अर्ज लिहिला आणि तहसील कचेरीपुढे धरणे धरले. प्रतिष्ठानाच्या समन्वयकाचा मला दूरध्वनी आला. माणूस सभ्य होता. सर, हे प्रकल्पात बसत नाही, तेवढे सांभाळा, असे म्हणाला. मला त्या क्षणी बोटीवरचे पत्र आठवले. पाणवठ्याच्या जागी स्मशानाची वाट, बाकी सगळे तेच. पोरांनी धरणे मोडले नाही. पुढच्या वर्षी प्रतिष्ठानाचा 'अग्रक्रम' बदलला आणि पैसा बंद झाला. धरण्यामुळे की खरेच अग्रक्रमामुळे, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

यात दोष एकट्या समन्वयकाचा मानला तर आपण फसू. कायद्याची रचनाच पाहा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठराविक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे. स्थानिक क्षेत्राला प्राधान्य द्या, असेही कायदा सांगतो. पण स्थानिक म्हणजे कोणाचे स्थानिक? कंपनी जिथे काम करते तिथले. ज्या तालुक्यात कारखाना नाही, जिथून माणसेच ऊसतोडीला बाहेर जातात, तो या अर्थाने कोणाचाच स्थानिक नाही. शिवाय कंपनीने बाहेरच्या संस्थेमार्फत काम करायचे तर त्या संस्थेची नोंदणी हवी, करसवलतीची प्रमाणपत्रे हवीत आणि तीन वर्षांचा अनुभव कागदावर हवा. चुलत्यांच्या वहीला तिथे किंमत नाही.

परदेशी पैशाची वाटही २०२० च्या दुरुस्तीने अशीच अरुंद झाली. मोठ्या संस्थेने तो पैसा घ्यायचा आणि खेड्यातल्या छोट्या संस्थेला पुढे द्यायचा, ही पद्धत पूर्ण बंद करण्यात आली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. म्हणजे व्यासपीठांवर स्थानिक नेतृत्वाचा गजर, आणि कायदा मात्र असा की स्थानिकाच्या हाती पैसा पोचूच नये.

पण स्थानिक म्हणजे सोवळाच, असेही मी म्हणणार नाही. त्याच पत्रात बाबासाहेबांनी कबूल केले आहे की समाजसेवेच्या आडोशाला लपणारे लबाड आपल्यातही आहेत. तरीही एकंदरीत आपला माणूस हे काम पोटच्या मायेने करील, असा भरवसा ते बाळगतात. त्यांच्या या भरवशाला माझे दुरुस्तीवजा म्हणणे जोडावेसे वाटते. माया पुरत नाही. मी आपलाच होतो, मायाही होती, आणि लाभार्थीचा रकाना मीच भरला. ज्या माणसाला हिशेब वस्तीला द्यावा लागतो तो वस्तीचा राहतो. ज्याला तो मुंबईला पाठवावा लागतो तो हळूहळू मुंबईचा होतो. त्याची जात त्याला वाचवत नाही.

मग कोणाचीच मदत घेऊ नये काय? आमचे काही तरुण मित्र असे म्हणतात. मला ते पटत नाही. मी स्वतः सरकारी वसतिगृहात राहून, शिष्यवृत्तीवर शिकलो. पण अनुसूचित जातींची ती शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली ती बाबासाहेबांनी व्हाइसरॉयच्या मंडळात भांडून मिळवल्यामुळे. ती हक्काची आहे. उशिरा आली तर मोर्चा काढता येतो. प्रतिष्ठानाचे दान उशिरा आले, किंवा आलेच नाही, तर मोर्चा कोणावर काढायचा? हा भेद आपल्या कार्यकर्त्यांनी शिबिरांतून मांडायला हवा. तो मांडला जात नाही, कारण शिबिरेही आता पुष्कळदा कोणाच्या तरी अनुदानावर भरतात. (हे लिहिताना मी स्वतः हजेरी लावलेली दोन शिबिरे डोळ्यांपुढे आहेत. जेवण चांगले होते.)

धर्मांतराच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी लोकांकडे मिळकतीचा विसावा हिस्सा मागितला. समोर बसलेले कोण होते? मजूर, गिरणी कामगार, शेतावर राबणारे. श्रीमंत देणगीदारांची वाण होती म्हणून त्यांनी गरिबांकडे मागितले, असा अर्थ लावला तर आपण काही शिकलो नाही. देणाऱ्याला विचारण्याचा हक्क असतो, आणि तो हक्क त्यांना त्या मजुरांच्या हाती द्यायचा होता, असे मी समजतो. संघाला उत्तर द्यायला त्यांनी ग्रंथ लिहिला खरा. पण खरे उत्तर हा विसावा हिस्सा आहे.

प्रतिष्ठानाचा फलक अजून भिंतीवर आहे. काढायचा की ठेवायचा यावर बैठकीत दोन तट पडले आणि विषय पुढे ढकलला गेला. चुलत्यांनी वही पुन्हा काढली आहे. पहिल्या महिन्यात एकतीस घरांपैकी नऊ घरांनी दिले, दुसऱ्या महिन्यात चौदा. माझे नाव त्यांनी सर्वांत खाली लिहिले आणि मागची सगळी बाकी धरून पैसे मागितले. स्मशानाच्या वाटेची तारीख पुढच्या महिन्यात आहे.