अंतराची किंमत : ऑनलाइन खेळांतील प्रवास आणि जगाचा विस्तार

ऑनलाइन खेळातील जग किती मोठे आहे हे नकाशाच्या चौरस किलोमीटरांत सांगण्याची प्रथा जाहिरातींनी रूढ केली असली, तरी खेळाडूच्या मनात त्या जगाचा जो विस्तार उभा राहतो, तो एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्यासाठी त्याला वेळ, धोका, पैसा आणि सोबत यांपैकी काय मोजावे लागते यावर ठरतो. ‘फास्ट ट्रॅव्हल’, म्हणजे मधली वाट न तुडवता नकाशावरचे ठिकाण निवडून क्षणात तेथे पोचण्याची सोय, हीच किंमत कमीजास्त करते. गेल्या पंचवीस वर्षांत बहुतेक खेळांत ती किंमत उतरत गेली आहे, आणि तिच्याबरोबर काय काय उतरले याचा हिशेब समीक्षेने मांडायला हवा.

1999 मध्ये आलेल्या ‘एव्हरक्वेस्ट’ या खेळाचे जग स्थायी स्वरूपाचे होते. म्हणजे हजारो खेळाडू त्यात एकाच वेळी वावरत आणि एखादा बाहेर पडला तरी ते जग चालूच राही. एका खंडातून दुसऱ्या खंडात जायचे तर धक्क्यावर जहाजाची वाट पाहावी लागे, नाहीतर दुसऱ्यांना मंत्राने दूर पोचवण्याचे सामर्थ्य असलेल्या विझर्ड किंवा ड्रुइड वर्गातील खेळाडूला पैसे देऊन विनंती करावी लागे. या अडचणीतूनच वस्ती घडली. फ्रीपोर्ट या बंदराजवळील ईस्ट कॉमनलँड्स भागात एक बोगदा होता. रचनाकारांनी तो बाजारासाठी बांधला नव्हता, पण अनेक सर्व्हरांवर, म्हणजे या जगाच्या स्वतंत्रपणे चालणाऱ्या प्रतींमध्ये, खेळाडूंनी आपणहून तेथे ओरडून मालाची विक्री सुरू केली आणि तो बोगदा पेठच बनला. डिसेंबर 2001 च्या विस्तारात, म्हणजे खेळाला जोडलेल्या नव्या भागात, ल्यूक्लिन नावाच्या चंद्रावर अधिकृत बाजार आला, तेथे जाण्यासाठी टेलिपोर्टची, म्हणजे क्षणात स्थलांतर घडवणारी, व्यवस्था झाली. पुढच्याच वर्षी ‘प्लेन्स ऑफ पॉवर’ या विस्ताराने एका मध्यवर्ती नगरातून जगाच्या बहुतेक भागांत नेणारी दारे सर्वांना फुकट उघडून दिली. बोगदा ओस पडला, ड्रुइडांचा धंदा बसला आणि मधल्या प्रदेशांतली वर्दळ ओसरली, जरी नकाशा पूर्वीपेक्षा मोठा झाला होता.

हे केवळ पडद्यावरच्या जगांत घडते असे नाही, याचा पुरावा कामठीच्या इतिहासात सापडतो. 1821 मध्ये कन्हान नदीकाठी छावणी म्हणून वसलेले हे गाव पाहता पाहता व्यापाराचे मोठे केंद्र झाले. 1867 मध्ये मुंबईकडून येणारी रेल्वे नागपूरला पोचली आणि त्यानंतरच्या काळात कामठीचा बराचसा व्यापार नागपूरकडे वळला. छावणीतली फौज कमी झाल्याचीही त्यात भर पडली. 1881 नंतर गावाची लोकसंख्या सतत घटत जाऊन 1901 च्या जनगणनेत ती 38,888 वर आली. कामठी आणि नागपूर यांच्यातले सुमारे 16 किलोमीटर अंतर एका मीटरनेही बदलले नव्हते. बदलले ते मालाने कुठे थांबायचे याचे गणित. वेगवान वाहन प्रत्येक ठिकाण सारख्याच प्रमाणात जवळ आणत नाही. ते काही ठिकाणांना केंद्र बनवते आणि काहींना वाटेवरचे नाव. खेळाचे जग रचणाऱ्यांनी रेल्वेच्या इतिहासातून घ्यावा असा हा धडा आहे.

2004 च्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने सुरुवातीला मध्यम मार्ग काढला होता. त्यात ग्रिफिन या पंखधारी प्राण्यावर बसून उड्डाण करता येई, पण फक्त आधी पायी जाऊन पाहिलेल्या तळांदरम्यान, ठरलेल्या मार्गाने आणि काही मिनिटे घेऊन. घरी परतण्याचा दगड एकदा वापरला की तासभर निकामी होई. अशा प्रवासात खालून सरकणारी राने आणि डोंगर दिसत राहत, त्यामुळे वेळ वाचूनही अंतराचे भान सुटत नसे. डिसेंबर 2009 मध्ये मात्र अनोळखी सहकारी आपोआप जुळवून थेट गुहेत, म्हणजे गटाने मिळून लढायच्या ठिकाणी, नेऊन सोडणारी यंत्रणा आली. तिने थोडा वेळ असलेल्या खेळाडूची खरी गैरसोय दूर केली हे मान्यच करायला हवे. पण गुहेच्या तोंडापर्यंत सोबतीने जाण्यातून ज्या ओळखी होत, त्यांची जागा तिने भरून काढली नाही. 2019 मध्ये याच खेळाची जुनी आवृत्ती पुन्हा उपलब्ध झाली, तेव्हा तो संथ प्रवास असंख्य खेळाडूंनी स्वखुशीने पत्करला.

उलट दिशेने धाडस केले ते ‘ईव्ह ऑनलाइन’ या अंतराळातील खेळाने. बलाढ्य आघाड्यांची अवाढव्य जहाजे थेट झेपा घेत अल्पावधीत आकाशगंगेच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोचू लागल्यामुळे लहान गटांना स्वतःचा प्रदेश राखणे कठीण झाले होते. म्हणून नोव्हेंबर 2014 मध्ये या झेपांचा पल्ला कापण्यात आला आणि प्रत्येक झेपेनंतर साचत जाणारा, पुढची झेप लांबवणारा ‘थकवा’ लागू झाला. पुढे हे नियम सैल झाले, तरी अंतर हे दुबळ्याचे संरक्षण असते ही गोष्ट त्या निर्णयाने सिद्ध केली.

महाराष्ट्रातील बहुसंख्य तरुणांची ऑनलाइन जगाशी ओळख मात्र संगणकावर नव्हे, तर मोबाइलवर आणि बॅटल रॉयल या प्रकारातून झाली, ज्यात सुमारे शंभर खेळाडू एका बेटावर उतरतात आणि अखेरचा उरेल तो जिंकतो. जुलै 2021 मध्ये भारतात आलेल्या ‘बीजीएमआय’मधील एरंगेल हा नकाशा 8 किलोमीटर लांब आणि तितकाच रुंद आहे, म्हणजे त्याची एक बाजू कामठी ते नागपूर अंतराच्या निम्मी. सेकंदाला सुमारे 6 मीटर वेगाने धावणाऱ्या पात्राला ती बाजू ओलांडायला बावीसेक मिनिटे लागतील, आणि सगळा डाव साधारण अर्ध्या तासात आटोपतो. विमान खेळाडूला आपल्या मार्गाच्या आसपास हवे तेथे उतरू देते, पण फक्त एकदाच. त्यानंतर पाय, मिळालीच तर गाडी, आणि पाठीमागून सरकत येणारे निळे वर्तुळ, म्हणजे आकसत जाणारी, बाहेर राहिलेल्याला इजा करणारी सीमा. त्यामुळे दोन टेकड्यांमधले उघडे शेतही अफाट वाटते. अंतराला अर्थ देण्याची ही कारागिरी उच्च दर्जाची आहे. तिची मर्यादा अशी की डाव संपताच ते जग पुसले जाते आणि कोणत्याही वाटेला आठवण चिकटत नाही.

पुण्याच्या सुपरगेमिंगने ऑक्टोबर 2024 मध्ये आणलेला ‘इंडस’ हा विरलोक नावाच्या कल्पित प्रदेशातील खेळही याच प्रकारातला आहे. पुण्याच्याच नॉडिंग हेड्सच्या 2020 मधील ‘राजी’ने भारतीय वास्तुशिल्पाला खेळात मानाचे स्थान मिळवून दिले, पण तो एकट्याने, आखलेल्या वाटेने खेळायचा खेळ आहे. चित्र, वेग आणि तंत्र यांत मराठी मुलखातील रचनाकार मागे नाहीत. ज्यात वाटा जुन्या होतात, पेठा वसतात आणि उठतात, असे स्थायी जग मात्र त्यांच्याकडून अजून यायचे आहे. घाट, नदीचे उतार आणि आठवडी बाजार असलेल्या प्रदेशाला अशा जगासाठी साहित्य बाहेरून आणावे लागणार नाही.

ते जग घडेल तेव्हा फास्ट ट्रॅव्हल त्यात असावेच, कारण कष्टकऱ्याच्या फावल्या अर्ध्या तासालाही खेळात मान हवा. पण ती सोय आधी पाहिलेल्या ठिकाणांपुरती असावी, तिच्यासाठी काहीतरी मोजावे लागावे, आणि शक्य तेथे ती दुसऱ्या खेळाडूच्या हातून मिळावी. या तीन अटी पाळणारे छोटे जगही मोठे वाटेल. त्या न पाळणारा नकाशा कितीही पसरला, तरी खेळाडूच्या लेखी तो ठिकाणांची यादीच राहील.