‘निर्वंश’ आणि ‘नाव’ : ज्यू-संहाराच्या स्मरणाची मराठी परिभाषा

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाझी राजवटीने व तिच्या साहाय्यकांनी युरोपातील सुमारे ६० लाख ज्यूंची हत्या केली. या घटनेचे स्मरण मराठीत कोणत्या शब्दांनी केले जाते आणि ते शब्द हा भार कितपत पेलतात, हा प्रस्तुत टिपणाचा विषय आहे. प्रश्न केवळ परिभाषेचा नाही. कोकणातून मुंबई-ठाण्याकडे पसरलेल्या बेने इस्राएल समाजाची मातृभाषा मराठी आहे. ठाण्यात १८७९ पासून त्याचे प्रार्थनामंदिर आहे. दूरच्या धर्मबांधवांच्या मृत्यूविषयी या समाजाने घरात बोलावयाचे ते मराठीतच. मराठी तेथे अपुरी पडत असेल, तर ती उणीव त्या समाजाची नसून मराठीच्या सर्व अभ्यासकांची आहे.

प्रथम ‘छळछावणी’ हा रूढ शब्द घेऊ. त्यातील ‘छावणी’ या पदाचा मराठी संस्कार कोणता? कल्याणजवळच्या लष्करी तळावर १९४७ नंतर सिंधी निर्वासित वसले. १९४९ मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. तथापि तेथील रहिवासी आजही आपला पत्ता ‘कॅम्प नंबर’ने सांगतात. अंबरनाथ-बदलापूरकडून लोकलने येणाऱ्या विद्यार्थ्याच्या कानाला ‘कॅम्प’ म्हणजे घर, शाळा, बाजारपेठ. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात पोलंडचे निर्वासित राहिले, तीही छावणीच. दुष्काळात जनावरांसाठी उघडते तीही छावणी. सारांश, आपल्याकडे हे पद बहुधा आश्रयाचे वाचक आहे. त्याचा अर्थ उलटविण्याचे काम ‘छळ’ या पूर्वपदाने करावयाचे. परंतु छळ होण्यासाठी माणूस जिवंत राहावा लागतो. त्रेब्लिंका येथे आणलेल्या बहुतेकांना उतरविल्यानंतर काही तासांतच ठार केले जाई. तेथे छळाला अवधीच नव्हता. डाखाऊ आणि त्रेब्लिंका या दोहोंना ‘छळछावणी’ म्हणणे म्हणजे तुरुंग आणि वधस्थान यांतील भेद पुसणे होय.

दुसरा शब्द ‘संहार’. १९४४ मध्ये राफाएल लेमकिन यांनी ग्रीक व लॅटिन घटक जोडून या गुन्ह्याला नवे नाव दिले आणि ९ डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी त्याविषयीचा करार संमत केला. मराठीत त्या संज्ञेसाठी ‘नरसंहार’, ‘वंशसंहार’, ‘वंशविच्छेद’ असे पर्याय आले. यांपैकी ‘संहार’ हा सृष्टी, स्थिती, संहार या त्रयीतील शब्द आहे. पुराणांत संहार करणारा बहुधा देव असतो आणि ज्याचा संहार होतो तो असुर. आधुनिक वाचक हे जाणीवपूर्वक आठवत नाही हे खरे. परंतु शब्दाभोवतीचे वलय तेवढ्याने नाहीसे होत नाही. या त्रयीत संहार ही विश्वक्रमातील एक अटळ अवस्था ठरते आणि गुन्हेगाराची जबाबदारी तेवढी धूसर होते.

वि. ग. कानिटकरांच्या ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ या ग्रंथाचे शीर्षक या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. येथे विचार केवळ शीर्षकाचा आहे, ग्रंथाचा नव्हे. या रूपकाने असुरत्व योग्य ठिकाणी नेले, हे त्याचे श्रेय मान्य केलेच पाहिजे. परंतु भस्मासुराच्या कथेत लक्षात राहतो तो असुर, त्याचा वर आणि अखेरीस स्वतःच्याच हाताने झालेला त्याचा नाश. ज्यांचे भस्म झाले त्यांना त्या कथेत नाव नाही. ‘उदयास्त’ हा शब्द तर ग्रहगोलांचा. तो कर्ता सांगत नाही. सत्तेच्या इतिहासाला असे शीर्षक शोभते. मृतांच्या स्मरणाला ते पुरत नाही.

मग स्मरणाची भाषा कोठे शोधावी? बेने इस्राएलांच्या परंपरेत मृतांची आणि वाचलेल्यांची एक कथा पूर्वीपासून आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचे गलबत फुटले. सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. बाकीच्यांची प्रेते तेथेच पुरली गेली, अशी ती आख्यायिका. तिच्यात समुद्र आहे, मारेकरी नाही. यरुशलेमच्या मंदिराच्या नाशाचा शोकदिन या समाजात ‘बिर्ड्याचा सण’ म्हणून ओळखला जाई. शतकांपूर्वीचा, दूर देशीचा विध्वंस कडव्या वालांच्या बिर्ड्याशी बांधून कोकणातल्या घराने तो जपला. परकीय दुःख मराठीत आणण्याची ही खरी रीत होय : वरून संज्ञा न लादता घरातल्या शब्दाला ते दुःख जोडणे.

असा एक घरगुती शब्द आपल्याजवळ आहे. तो म्हणजे ‘निर्वंश’. कोशात तो विशेषण म्हणून निरुपद्रवी वाटतो, परंतु बोलीत तो शाप आहे आणि जुन्या पिढीतील माणसे तो उच्चारतानाही कचरत. त्यातील भय केवळ मृत्यूचे नव्हे. मागे दिवा लावणारे, पाणी देणारे, नाव चालविणारे कोणी न उरणे, हे ते भय आहे. ज्यू परंपरेत आईबापांसाठी मुलगा कद्दिश म्हणतो आणि त्यासाठी दहा जणांचा मेळ लागतो. जेथे सबंध गावच नाहीसे झाले तेथे ते दहा कोठून येणार? इस्राएलने १९५३ मध्ये स्थापिलेल्या स्मारकसंस्थेचे ‘याद वाशेम’ हे नाव यशयाच्या ५६ व्या अध्यायातून घेतले आहे. ‘स्मारक आणि नाव’ असा त्याचा अर्थ. मुळात ते आश्वासन निपुत्रिकांना दिलेले आहे : पुत्र आणि कन्या यांहून श्रेष्ठ असे नाव त्यांना लाभेल. या संस्थेने आजवर ४८ लाखांहून अधिक मृतांची नावे नोंदविली आहेत. निर्वंशाला उत्तर नावाचे, हा संबंध मराठी भाषकाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

या सूचनेवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, मराठीत ‘वंशाचा दिवा’ म्हणजे मुलगा. ज्यू धर्मशास्त्रात मात्र ज्यूत्व आईकडून येते. हा आक्षेप रास्त आहे, आणि हा शब्द वापरताना त्यातून कन्या वगळल्या जाणार नाहीत ही दक्षता घ्यावीच लागेल. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : काही लोक वाचले, तेव्हा वंश निःशेष झाला असे म्हणता येत नाही. म्हणूनच ‘निर्वंश झाला’ असे न म्हणता ‘निर्वंश करू पाहिले’ असे म्हणावे. त्या रचनेत कर्ता लपत नाही आणि वाचलेल्यांना जागा राहते.

‘वाचलेले’ या शब्दाविषयी एक नोंद करून हे टिपण संपवितो. जगणे-बचावणे या अर्थाचा ‘वांचणे’ आणि पठण करणे या अर्थाचा ‘वाचणे’ हे मुळात निराळे शब्द. जुन्या लेखनात अनुस्वार त्यांना वेगळे ठेवीत असे. १९६२ च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेला आणि दोन्ही एकरूप झाले. हा निव्वळ लेखनाचा अपघात आहे; त्यातून गूढार्थ काढण्याचे कारण नाही. परंतु वांचलेल्यांपैकी प्रत्यक्ष साक्ष देऊ शकणारे आता फार थोडे उरले आहेत, आणि त्यांच्यामागे ही साक्ष केवळ वाचणाऱ्यांवर अवलंबून राहणार आहे. ते वाचन मराठीत व्हावयाचे असेल, तर त्यासाठी नेमके शब्द सिद्ध ठेवणे हे आपल्या विभागासारख्या ठिकाणचे काम आहे.